बोस्टन २०१३ : लाल वर्तुळातली माणसं

(हे आमच्या या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. बोलताना एक-दोन तपशील राहून गेले होते, ते इथे घातलेत. लोकलमध्ये इयरफोन विसरणाऱ्यांसाठी खास.)

आजची गोष्ट फक्त पाच दिवसांची आहे. सोमवार १५ एप्रिल ते शुक्रवार १९ एप्रिल २०१३. इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले, तह, सनावळ्या आठवतात. पण २०१३ मधलं ट्विटर हासुद्धा आता इतिहासच आहे. आणि या पाच दिवसांत जे घडलं, ते त्यानंतर प्रत्येक मोठ्या घटनेच्या वेळी आपल्या फोनवर पुन्हा पुन्हा घडतंय.

तर बोस्टन मॅरेथॉन. १८९७ पासून चालू असलेली शर्यत, एप्रिल महिन्यातल्या पेट्रिअट्स डे या सुट्टीच्या दिवशी होते. अख्खं शहर रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवतं. आपल्याकडे वारी जाताना गावं जशी बाहेर येतात ना, साधारण तसं. त्या दिवशी जिंकणारे केव्हाच घरी गेले होते. दुपारी २ वाजून ४९ मिनिटांनी धावत येत होते ते तुमच्या-माझ्यासारखे लोक, ज्यांना नुसतं 'पूर्ण केली' एवढंच म्हणायचं असतं. तेव्हा बॉयल्स्टन स्ट्रीटवर, शेवटच्या रेषेजवळ, स्फोट झाला. दहा-पंधरा सेकंदांत थोड्या अंतरावर दुसरा. प्रेशर कुकरमध्ये दारू आणि धातूचे तुकडे भरून केलेले बॉम्ब, पाठीवरच्या सॅकमधून आणून गर्दीत ठेवलेले. तीन जण गेले. त्यात एक मुलगा फक्त ८ वर्षांचा. अडीचशेहून जास्त जखमी, आणि त्यातल्या अनेकांचे पाय कापावे लागले.

आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटली होती. मी अकरावीत होतो. सकाळी उठलो तेव्हा टीव्हीवर तोच व्हिडिओ शंभराव्यांदा चालू होता, आणि आमच्या हॉलमध्ये एक काका अत्यंत आत्मविश्वासाने सांगत होते की हे कुणी केलंय. पेपर अजून यायचा होता.

पहिल्या काही तासांतलं नुसतं बघा. मोबाईल लागेनात. बातमी आली की रिमोटने आणखी बॉम्ब उडू नयेत म्हणून सरकारने नेटवर्क बंद केलंय. असं काही झालंच नव्हतं. कंपन्यांनी सांगितलं की नेटवर्क चालू आहे, फक्त त्यावर प्रचंड ताण आलाय. लाखो लोक एकाच वेळी 'पोचलास का?' विचारत असतील तर टॉवरचं काय होणार? ज्याने कधी तत्काळ तिकीट काढलंय त्याला हे समजावून सांगायला नको. त्याच दुपारी जॉन एफ. केनेडी लायब्ररीत आग लागली आणि तो तिसरा हल्ला ठरला. नंतर कळलं, तिचा बॉम्बशी संबंध नव्हता. न्यूयॉर्क पोस्ट या पेपरने १२ मृत्यू सांगितले, आणि एक सौदी नागरिक संशयित असल्याचंही. तो सौदी मुलगा तिथे शिकायला आलेला विद्यार्थी होता. तो स्वतः स्फोटात जखमी झाला होता. बाकीचे पळाले तसा तोही पळाला, पण त्याचं पळणं वेगळं दिसलं. हॉस्पिटलमध्ये चौकशी, घराची झडती, आणि शेवटी काहीच नाही. निव्वळ साक्षीदार.

आता रेडिट. आपल्यातल्या बऱ्याच जणांसाठी रेडिट म्हणजे मीम्स आणि करिअर सल्ला. तिथे एक खास ग्रुप उघडला गेला, बॉम्ब ठेवणारा शोधायचा म्हणून. हजारो लोक आले. मला हे लोक वाईट वाटत नाहीत, हे आधीच सांगतो. त्यांना मदत करायची होती, आणि एफबीआयने स्वतःच लोकांकडे फोटो-व्हिडिओ मागितले होते. कोड ओपन सोर्स होऊ शकतो, विकिपीडिया हजारो हातांनी लिहिला जाऊ शकतो, तर तपास का नाही? आमच्या क्षेत्रात एक म्हण फिरते की पुरेसे डोळे असले की कुठलाही बग लपत नाही. ग्रुपचा नियमही होता की कुणाची खासगी माहिती टाकायची नाही. कागदावर सगळं ठीक.

प्रत्यक्षात झालं असं की लोकांनी गर्दीचे फोटो उघडले आणि लाल वर्तुळं काढायला सुरुवात केली. याची बॅग जड दिसते. हा शर्यतीकडे बघत नाहीये. याच्या सॅकचा रंग स्फोटानंतर सापडलेल्या तुकड्यांशी जुळतो. आणि वर्तुळातली माणसं बघितली तर त्यात सावळी, दाढीवाली, 'बाहेरची' वाटणारी माणसं फार. काळी सॅक घेऊन गर्दीत उभं राहणं एवढाच गुन्हा असेल तर हिंजवडीचा अख्खा शटल स्टॉप आत जाईल.

अशाच वर्तुळातले दोन तरुण १८ एप्रिलला न्यूयॉर्क पोस्टच्या पहिल्या पानावर झळकले. 'बॅगवाले' असा मथळा, अधिकारी यांना शोधत आहेत असा मजकूर. त्यातला एक १७ वर्षांचा, शाळेत शिकणारा, स्वतः धावणारा, मूळचा मोरोक्कोचा. शर्यत बघायला आला होता. पहिल्या पानावर फोटो. माझंही वय तेव्हा तेवढंच होतं, म्हणून हा तपशील मला जरा जास्तच लागतो. दोघांनी पेपरवर खटला भरला आणि पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला.

मोठी चॅनेल्स तरी सावध असतील असं वाटतं ना? १७ एप्रिलला सीएनएनने सांगितलं, अटक झाली. एपीसारख्या वृत्तसंस्थेनेही आरोपी ताब्यात आल्याचं म्हटलं. सीएनएनच्या एका ज्येष्ठ पत्रकाराने तर संशयित सावळ्या वर्णाचा असल्याचं सांगितलं. कुणालाही अटक झाली नव्हती. एफबीआयला निवेदन काढून माध्यमांना सांगावं लागलं की बाबांनो, आधी खात्री करा.

इथे मला थोडं मागे जायचंय, कारण दोष सगळा इंटरनेटचा असं म्हणणं फार सोपं आहे. २७ जुलै १९९६, अटलांटा ऑलिम्पिक. सेंटेनियल पार्कमध्ये रात्री गाण्याचा कार्यक्रम चालू होता. रिचर्ड ज्युवेल नावाच्या सुरक्षारक्षकाला बाकाखाली बेवारस बॅग दिसली. त्याने पोलिसांना सांगितलं, लोकांना मागे हटवायला सुरुवात केली. बॉम्ब फुटला. एक बाई गेली, एक तुर्की कॅमेरामन धावपळीत हृदयविकाराने गेला, शंभराच्या वर जखमी झाले. ज्युवेल नसता तर आकडा कितीतरी मोठा असता. तीन दिवस तो हिरो होता. मग स्थानिक पेपरने छापलं की एफबीआयचा संशय त्याच्यावरच आहे. झालं! आईबरोबर राहणारा, जाडसर, पोलीस व्हायची हौस असलेला माणूस. सगळ्यांना तो 'तसाच' वाटू लागला. घराबाहेर कॅमेऱ्यांची रांग. ८८ दिवसांनी सरकारी वकिलांनी पत्र देऊन सांगितलं की तो आता संशयित नाही. खरा गुन्हेगार एरिक रुडॉल्फ २००३ मध्ये सापडला, २००५ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. ज्युवेल २००७ मध्ये वारला, ४४ व्या वर्षी. १९९६ मध्ये रेडिट नव्हतं, ट्विटर नव्हतं.

आणि खेळाच्या मैदानाचा बॉम्ब आपल्यालाही परका नाही. १७ एप्रिल २०१० ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर मुंबई इंडियन्सच्या सामन्याआधी स्फोट झाले होते. सामना तासभर उशिरा झाला, पण झाला, आणि आयपीएलच्या सेमीफायनल तिथून हलवून नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आणल्या. त्यावर कधीतरी वेगळा भाग करू.

परत बोस्टनला. रेडिट फोटोत वर्तुळं काढत होतं तेव्हा एफबीआय काय करत होतं? तेही व्हिडिओच बघत होतं. एका एजंटने व्हिडिओचा तोच एक तुकडा ४०० वेळा बघितला, असं नंतर वॉशिंग्टन पोस्टमध्ये आलं. फरक कुठे होता? रेडिट बघत होतं, कोण विचित्र *दिसतंय*. तपास करणारे बघत होते, पहिल्या स्फोटाच्या क्षणी कोण काय *करतंय*. आवाज झाल्यावर सगळी गर्दी डावीकडे माना वळवते, घाबरते. उलटी पांढरी टोपी घातलेला एक पोरगा मात्र जवळपास एकटाच शांत असतो, आणि आपली सॅक तिथेच ठेवून निघून जातो. मग दुसरा स्फोट. कुणाचा चेहरा कसा आहे याच्याशी याचा काही संबंध नाही.

मशीनचं म्हणाल तर, बोस्टनच्या पोलीस आयुक्तांनी नंतर सांगितलं की चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला ते सापडले नाहीत, जरी दोघांचे फोटो सरकारी डेटाबेसमध्ये होते. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे अनिल जैन आणि त्यांच्या सहकाऱ्याने पुढे तेच फोटो घेऊन तीन सिस्टिम्स तपासल्या, तेव्हा एकीने धाकट्या भावाचा फोटो बरोबर पहिल्या नंबरवर दाखवला. मोठा भाऊ, काळा चष्मा आणि टोपी, कुणालाच नाही सापडला.

१८ तारखेला संध्याकाळी एफबीआयने दोन संशयितांचे फोटो जाहीर केले, आणि बजावलं की फक्त हेच फोटो बघा, बाकीचे नाही. फोटो जाहीर करण्यामागे एक कारण हेही होतं की ज्यांना लोक उगाच लक्ष्य करत होते, त्यांचं नुकसान थांबावं. आणि नेमकं इथूनच सगळ्यात वाईट रात्र सुरू झाली.

ब्राउन विद्यापीठाचा २२ वर्षांचा एक विद्यार्थी, भारतीय वंशाचा, १६ मार्चपासून बेपत्ता होता. घरच्यांनी त्याला शोधायला फेसबुक पेज काढलं होतं, त्यावर त्याचे हसरे फोटो, 'घरी ये' असे व्हिडिओ. त्याचं नाव मी घेत नाहीये. शोधलंत तर मिळेल. पण बॉम्बस्फोटाच्या कथेत त्याच्या नावाचा आणखी एक सर्च रिझल्ट माझ्यामुळे वाढायला नको. तर कुणीतरी लिहिलं की पांढरी टोपीवाला माझ्या शाळेतल्या त्या मुलासारखा दिसतो. फोटो शेजारी-शेजारी लावले गेले. नाक बघा, भुवया बघा. त्या पेजवर शिव्यांचा पूर आला. रात्री घरच्यांनी ते बंद केलं, तर लोक म्हणाले, बघा, काहीतरी लपवतायत!

त्याच रात्री एमआयटीच्या एका पोलिसाची हत्या झाली, वॉटरटाउनमध्ये गोळीबार झाला, आणि हजारो लोक घरबसल्या ऑनलाइन पोलीस स्कॅनर ऐकू लागले. पहाटे पावणेतीनच्या सुमारास एक ट्विट आलं की पोलिसांनी स्कॅनरवर दोन नावं घेतली, त्यातलं एक या विद्यार्थ्याचं. पत्रकारांनी, लाखो फॉलोअर असलेल्यांनी ते पुढे ढकललं. रेडिटवर जल्लोष झाला, आम्ही टीव्हीच्या आधी शोधला! घरच्यांचे फोन रात्रभर वाजत राहिले, दारात चॅनेलच्या गाड्या.

नंतर रेकॉर्डिंग्ज पुन्हा ऐकल्या गेल्या. त्यात त्या मुलाचं नाव सापडलंच नाही. दुसरं नाव कसं जन्मलं ते तर बघण्यासारखं आहे. पोलिसाने कुणाचं तरी आडनाव स्पेल केलं होतं, 'एम, एम फॉर माइक' असं. लोकांनी 'माइक' हे त्याचं पहिलं नाव धरलं. एक आख्खा संशयित कॉल सेंटरच्या स्पेलिंगमधून तयार झाला!

सकाळी खरी नावं आली. चेचेन वंशाचे दोन भाऊ, २६ आणि १९ वर्षांचे. मोठा पोलिसांबरोबरच्या चकमकीत मेला होता, धाकटा त्या संध्याकाळी एका घरामागच्या बोटीत लपलेला सापडला. तरी अंदाज थांबले का? लोक आता चेक प्रजासत्ताकावर चिडले. त्यांच्या राजदूताला निवेदन काढावं लागलं की चेचन्या वेगळी आणि आम्ही वेगळे. आणि जेफ बाउमन, ज्याने दोन्ही पाय गमावूनही शुद्धीवर आल्यावर एफबीआयला एका हल्लेखोराचं वर्णन दिलं, त्याला काही महाभागांनी 'भाड्याने आणलेला नट' ठरवलं.

दिल्लीच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी या काळातले ७९ लाख ट्विट्स तपासले. २९ टक्के अफवा किंवा खोटा मजकूर होता, खरी माहिती फक्त २० टक्के. बाकी सगळी मतं आणि हळहळ. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासात 'धावताना ८ वर्षांची मुलगी गेली' ही अफवा आणि तिचं खंडन यांचं प्रमाण बघितलं, तर अफवा चाळीसपटीहून जास्त.

हे सगळं वाचताना मी स्वतः फार साळसूद वाटून घेतलं होतं. मग दोन वर्षांपूर्वीचं आठवलं. रात्री दोनला प्रॉडक्शन पडलं, कॉलवर पंधरा जण, आणि कुणाला काही सुचत नव्हतं. मी म्हणालो, आज संध्याकाळी अमुकने कोड टाकलाय ना? नवीन पोरगा होता, झोपला होता. सकाळपर्यंत मॅनेजरपासून सगळ्यांना त्याचं नाव माहीत होतं. लॉग बघितले तेव्हा कळलं, एका सर्टिफिकेटची मुदत संपली होती. मी त्याला सॉरी म्हणालो, चॅटवर, खासगीत. ग्रुपवर नाही म्हणालो. तो तीन महिन्यांनी सोडून गेला. कशामुळे ते मी विचारलं नाही.

रेडिटच्या व्यवस्थापकांनी २२ एप्रिलला जाहीर माफी मागितली, त्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाचीही. दुसऱ्या दिवशी प्रॉव्हिडन्स नदीत, इंडिया पॉइंट पार्कजवळ, एक मृतदेह सापडला. दोन दिवसांनी ओळख पटली. घातपात नव्हता. बोस्टनमध्ये बॉम्ब फुटले, त्याच्या कितीतरी आधीच तो मुलगा गेला होता.