दिलासा केंद्र, मुंबई

घरगुती व लैंगिक हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी मुंबई महानगरपालिकेच्या रुग्णालयांत चालणारा समुपदेशन आणि साहाय्य विभाग. महापालिकेचा आरोग्य विभाग आणि ‘सेहत’ ही स्वयंसेवी संस्था यांनी मिळून २००० साली वांद्रे पश्चिम येथील के. बी. भाभा रुग्णालयात तो सुरू केला. रुग्णालयाचाच एक विभाग म्हणून उभे राहिलेले हे भारतातील पहिले केंद्र मानले जाते. अनुसंधान ट्रस्टच्या वतीने १९९४ पासून आरोग्यविषयक संशोधन करणाऱ्या ‘सेहत’ने कल्पना, प्रशिक्षण आणि सुरुवातीचे मनुष्यबळ पुरवले, महापालिकेने जागा आणि कर्मचारी दिले. महापालिकेच्या बाजूने डॉ. सीमा मलिक यांनी हा विषय लावून धरला.

पोलीस यंत्रणेच्या आत स्त्रियांसाठी समाजकार्यकर्त्या बसवण्याचा प्रयोग टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात ‘विशेष कक्ष’ काढून केला होता. पण चौकीची पायरी चढण्याआधी बाई वर्षानुवर्षे मार खात असते, आणि त्या काळात ती दवाखान्यात येतच असते. फुटलेले डोके, मोडलेला हात, गरोदरपणातला रक्तस्राव, पोटात गेलेले फिनेल किंवा उंदराचे औषध घेऊन ती अपघात विभागात येते आणि ‘जिन्यावरून पडले’, ‘चुकून प्यायले’ असे सांगते. सोबत बहुधा नवरा किंवा सासू उभी असते. दवाखान्यात जायला घरचे सहसा अडवत नाहीत, आणि तिथे गेल्याबद्दल शेजारीपाजारीही काही बोलत नाहीत. मदत नेमकी याच जागी हवी, हे ओळखले गेले, त्यात दिलासाचे सारे मोल आहे.

केंद्राचे काम केसपेपरपासून सुरू होते. जखम आणि सांगितलेले कारण जुळत नसेल, बाई पुन्हा पुन्हा येत असेल, तर परिचारिका किंवा डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन, सोबतच्या माणसांना बाहेर थांबवून विचारायचे असते. त्यासाठी डॉक्टर, सिस्टर, आया, वॉर्डबॉय अशा सर्वांना प्रशिक्षण दिले गेले, आणि त्यांच्यातूनच प्रशिक्षकांचा गट तयार झाला. बाई बोलती झाली की तिचे म्हणणे केसपेपरवर तिच्याच शब्दांत उतरवणे महत्त्वाचे. ‘घरी पडल्या’ ही एक ओळ आणि ‘नवऱ्याने पट्ट्याने मारल्याचे रुग्ण सांगते’ ही दुसरी ओळ, यांतला फरक पुढे कोर्टात कळतो. एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणून नोंदलेला हा कागद कित्येकदा तिच्याजवळचा एकमेव सरकारी पुरावा असतो. तक्रार करायची की नाही हे मात्र तीच ठरवते.

समुपदेशक आधी तिच्या जिवाला असलेला धोका पाहते. मारहाण वाढत चालली आहे का, घरात हत्यार आहे का, दिवस गेले आहेत का, जीव द्यावासा वाटतो का, हे प्रश्न आडपडदा न ठेवता विचारले जातात. लगेच घरी परतणे धोक्याचे असेल, तर ‘देखरेखीखाली’ असा शेरा मारून तिला एकदोन दिवस वॉर्डातच ठेवून घेता येते. निवाऱ्याची ही सोय साधी आहे. पण रात्री अकरा वाजता कडेवर मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईला खाट मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे. ती परत जायचे म्हणाली, तर सुरक्षेची योजना आखली जाते: रेशनकार्ड, आधार, मुलांचे शाळेचे दाखले, बँकेचे पासबुक यांच्या प्रती आणि थोडे पैसे भरवशाच्या शेजारणीकडे ठेवणे, कुणाला हाक मारायची ते आधीच ठरवणे. ‘थोडे सोसून घे, संसार आहे’ असा सल्ला इथे दिला जात नाही. नवऱ्यासोबत बैठक घेतली जाते ती फक्त तिची इच्छा असेल तर, आणि मारहाण थांबलीच पाहिजे ही अट घालून. पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन बोळवण केली, तर पाठपुरावा होतो. वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवले जाते. १९८७ च्या कायद्यानुसार उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला तिथे मोफत वकील मिळू शकतो, हे बहुतेक बायकांना पहिल्यांदा या टेबलाशीच कळते.

केंद्र सुरू झाले तेव्हा घरगुती हिंसेविरुद्धचा दिवाणी कायदा नव्हता. तो २००५ मध्ये संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या सातव्या कलमाने पीडितेला वैद्यकीय मदत देणे रुग्णालयांवर बंधनकारक केले. लैंगिक अत्याचारानंतरच्या तपासणीची आणि उपचारांची सर्वंकष पद्धत ‘सेहत’ने २००८ पासून महापालिकेच्या तीन रुग्णालयांत राबवली; केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची या विषयावरची मार्गदर्शक तत्त्वे २०१४ मध्ये आली.

दुसरे केंद्र कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात निघाले. पुढे चालवण्याची जबाबदारी टप्प्याटप्प्याने महापालिकेने घेतली, आणि राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून शहरातील आणखी उपनगरी रुग्णालयांत दिलासा केंद्रे उघडली. स्वयंसेवी संस्थेने लावलेले काम सरकारी अंदाजपत्रकात जाऊन टिकल्याची उदाहरणे थोडी आहेत. हे त्यांतले ठळक. अभियानातली पदे कंत्राटी असणे हा मात्र या रचनेचा कच्चा दुवा आहे. महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा येणाऱ्या बाईला दर खेपेस नवा चेहरा दिसला, तर तिला सारी कहाणी मुळापासून सांगावी लागते. बदल्यांमुळे प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिकाही निघून जातात आणि प्रशिक्षण नव्याने करावे लागते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत अनेक संस्थांची कार्यालये बंद पडली. रुग्णालये उघडी होती, त्यामुळे ही केंद्रेही चालू राहिली. ज्यांना घराबाहेर पडता येत नव्हते त्यांच्याशी फोनवर बोलणे होत राहिले.

केरळमधील जिल्हा रुग्णालयांतली ‘भूमिका’, हरियाणातली ‘सुकून’ आणि शिलाँगचे ‘इओहलिन्ती’ ही केंद्रे याच धर्तीवर निघाली. महाराष्ट्रात औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने ‘सेहत’ने डॉक्टर व परिचारिकांना हिंसा ओळखण्याचे आणि पहिला आधार देण्याचे प्रशिक्षण दिले.