आडगावात आपले कोण?

आमच्या उर्दू शाळेतली मुले विचारतात, ‘सर, लढाईत आपले कोण होते?’ मी त्यांना अकोला जिल्ह्यातले आडगाव सांगतो. २९ नोव्हेंबर १८०३. भोसल्यांच्या तोफा सुरू होताच वेलस्लीच्या तीन देशी पलटणी उधळल्या. त्याने स्वतः त्यांना सावरले आणि लढाई जिंकली. निजाम इंग्रजांचा दोस्त होता. वेलस्लीने ज्यांना इराणी समजले, ते शिपाई भोसल्यांसाठी लढत कामी आले. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांनी सोडला, तो निजामाला मिळाला. आमचे मंगरूळपीर त्यातच. १८५३ मध्ये इंग्रजांनी तोच वऱ्हाड निजामाकडून आपल्या ताब्यात घेतला. दोस्तीचा हिशेब असा मिटला! म्हणून मी मुलांना उलट विचारतो, ‘आपले कोण ते राहू द्या, दोन्हीकडून मेले कोण?’