वारांच्या खोल्या, तारखांचा किल्ला

इंग्रजीतल्या ‘कॅसल’ला मराठीत आपण सरसकट ‘किल्ला’ म्हणतो आणि पुष्कळसा घोटाळा तिथूनच सुरू होतो. आयर्लंडमधल्या ॲशफर्ड कॅसलचे उदाहरण पाहावे. त्याचा आरंभ तेराव्या शतकात डी बर्ग घराण्याने केला. 1852 मध्ये तो गिनेस या मद्यउत्पादक घराण्याकडे आला आणि 1939 मध्ये त्याचे हॉटेल झाले. म्हणजे त्याआधी सुमारे शतकभर ती धनिकांची राहती वास्तूच होती. तिला आपल्याकडे गढी किंवा वाडा म्हणणे अधिक योग्य. गडाची गोष्ट निराळी. गड म्हणजे शिबंदी, पहारा, वेढा. ‘आज्ञापत्रा’त दुर्गांचे स्वतंत्र प्रकरण आहे, ते उगाच नव्हे.

म्हणूनच सप्टेंबर 2019 मध्ये महाराष्ट्रातले 25 किल्ले हॉटेले आणि लग्नसमारंभांसाठी भाडेपट्ट्याने देण्याची बातमी आली, तेव्हा गदारोळ उडाला. शिवकाळाशी निगडित, वर्ग एकमधल्या किल्ल्यांना हात लागणार नाही, असा खुलासा शासनाला करावा लागला. प्रश्न मात्र तसाच राहिला: वर्ग दोनच्या किल्ल्यांना इतिहास नसतो काय?

या प्रश्नाचे एक उत्तर आम्हांला तेरेखोलला मिळाले होते. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली की समोर हा लहानसा किल्ला येतो. सतराव्या शतकात सावंतवाडीकर भोसल्यांनी तो बांधला आणि 1746 मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. 1835 मध्ये बेर्नार्दो पेरेश द सिल्व्हा या गोमंतकीय प्रशासकाविरुद्ध लष्कराने बंड केले, तेव्हा त्यांचा पक्ष घेणाऱ्या इथल्या शिबंदीची कत्तल झाली. 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिरंगा फडकवला.

पुढे काही वर्षे इथे हॉटेल चालले. त्याच काळात आम्ही तिथे एक रात्र राहिलो. खोल्या सात, त्यांना नावे वारांची. कल्पना सुंदर होती, हे मान्य करायला हवे. पण रात्री समुद्राचा आवाज ऐकत पडलो असताना आमच्या मनात आले, की वार पुन्हा पुन्हा येतो, तारीख एकदाच येते. पर्यटकाला वार पुरतो. किल्ल्याजवळ मात्र तारखा असतात, आणि त्या तारखांना माणसे मेलेली असतात.

आम्ही शिकवतो त्या लोअर परळमध्ये हे रोजच दिसते. फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे, उंच हॉटेलही आहे. गिरणीचे नाव मॉलने ठेवले, पण 18 जानेवारी 1982 ही तारीख तिथे कोण सांगतो? ज्यांचे आजोबा त्या दिवशी संपावर गेले, ती मुले आमच्या वर्गात बसतात आणि सुटीच्या दिवशी त्याच आवारात फिरायला जातात. त्यांना ‘गिरणगाव’ हा शब्द समजावून सांगावा लागतो.

याचा अर्थ जुन्या वास्तूचा नवा वापर म्हणजे पाप, असे आम्ही म्हणत नाही. वापर नसला की छप्पर जाते, मग भिंतीत पिंपळ रुजतो. ॲशफर्ड आज उभा आहे, त्यात हॉटेलचा वाटा आहेच. आमचे म्हणणे एवढेच, की भाडेपट्टा वास्तूचा करावा, आठवणीचा करू नये. तेरेखोलच्या किल्ल्यात सेंट अँथनीचे चर्च आहे. एरवी ते बंद असे. पण वार्षिक फेस्ताला त्याचे दार उघडे आणि गावकरी आत येत. पाहुण्यांच्या सोयीआधीचा तो हक्क होता. असे एक दार प्रत्येक किल्ल्यात असावे आणि प्रत्येक गिरणीच्या आवारातही. ते उघडे ठेवण्याची अट करारात कोण घालणार, हे 2019 च्या गदारोळात कुणी विचारलेले आम्हांला तरी ऐकू आले नाही.