ग्रामीण कुटुंबांची अन्नसुरक्षा : महाराष्ट्रातील प्रादेशिक तफावत

पाऊस कमी तिथे उपासमार अधिक, हे समीकरण महाराष्ट्रात टिकत नाही. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. उलट माण, आटपाडी हे तालुके कायमचे अवर्षणग्रस्त. पण मुंबईची नोकरी आणि परप्रांतांतला गलाईचा (सोने-चांदी गाळण्याचा) धंदा यांचा पैसा तिथल्या अनेक घरांत येतो. तेव्हा प्रश्न धान्य पिकण्याचा कमी, ते मिळवण्याच्या ऐपतीचा अधिक. जव्हारकडे डोंगरउतारावरची नागली-वरई एकाच हंगामाची; पाणी वाहून जाते आणि ऐन पावसाळ्यात, नवे पीक हाती येण्याआधी, कणगी रिकामी होते. मग भट्टीमालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घ्यायची आणि दिवाळीनंतर वीटभट्टी गाठायची, हे चक्र चालू राहते.

यावर आक्षेप असा, की २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ही ऐपतीची दरी बुजवली. प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. हा आधार खरा आहे. मात्र त्यात डाळ-तेलाची हमी नाही आणि वीटभट्टीवरच्या कुटुंबाचे कार्ड बऱ्याचदा गावीच राहते. कार्ड आता कुठेही चालते, हे कागदावर बरोबर. अंगठा जुळला, दुकानात माल असला, तर. शेवटी मुद्दा ऐपतीचाच: १९७२ च्या दुष्काळात लोकांना तगवले ते मुख्यतः रोजगाराच्या कामांनी, कारण मजुरीतून धान्य विकत घेता येत होते.