घरचें भांडण आणि बाहेरचा न्याय

कल्याणच्या उत्तरेस मोहने नांवाचें गांव आहे. गांवाला लागून उल्हास नदी वाहते. पुढें कल्याणजवळ तिची खाडी होते आणि ठाण्याच्या उत्तरेकडून वळसा घेऊन ती वसईपाशीं समुद्रास मिळते. आगगाडी व कारखाने येण्यापूर्वीं शेंकडों वर्षें हा जलमार्गच या मुलुखाचा राजरस्ता होता. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दानशूर रहिवाशांचे उल्लेख आहेत, आणि पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकग्रंथांत या बंदराचें नांव आलें आहे. घोडे, तांबें, लाकूड आणि कापड यांच्या व्यापाराबरोबर माणसें आलीं आणि माणसांबरोबर त्यांचे धर्महि आले.

इ. स. ५५० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नांवाच्या व्यापाऱ्यानें लिहिलेल्या ग्रंथांत 'कल्लिआना' येथील ख्रिस्ती मंडळीचा उल्लेख आहे. हें स्थळ म्हणजे आपलें कल्याण होय, असें बहुतेक अभ्यासक मानितात. तेथें एक बिशप असून त्याची नेमणूक इराणांतून होते, असें कॉस्मस सांगतो. एवढ्या एका वाक्यावरून दोन गोष्टी कळतात. पोर्तुगीज येण्यापूर्वीं सुमारें साडेनऊशें वर्षें या किनाऱ्यावर ख्रिस्ती वस्ती होती, ही पहिली. ती एकाकी नव्हती, तर समुद्रापलीकडील एका मोठ्या धर्मसंस्थेशीं नियमांनीं बांधलेली होती, ही दुसरी.

बिशप म्हटला कीं आज पूजाविधि करणारा धर्माधिकारी डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु प्राचीन काळीं त्याच्या कामाचा निम्मा भाग न्यायनिवाड्याचा असे. उसनवारी, वांटणी, अपशब्द, मारहाण, नवराबायकोचा बेबनाव असलीं भांडणें कोणत्याहि वस्तींत होतातच. तीं कोणी, कोणत्या रीतीनें आणि कोठपर्यंत मिटवावीं, याचा विचार ख्रिस्ती मंडळींत अगदीं आरंभापासून झालेला आहे. त्या विचाराची कसोटी पुढें ठाण्यास एका घरांत लागली आणि ती फार कडक लागली.

या विचाराचा सर्वांत जुना लेख म्हणजे पौलानें इ. स. ५५ च्या आसपास करिंथ येथील मंडळीस धाडलेलें पत्र. तेथील बांधव एकमेकांवर सरकारी न्यायाधीशांपुढें फिर्यादी करूं लागले होते. पौलाला याचें फार दुःख झालें. आपसांतील तंटा सोडवील असा एकहि शहाणा माणूस तुमच्यांत नाहीं काय, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. त्याच्या मतें अशा फिर्यादींत जिंकणाराहि हरलेलाच असतो. त्यापेक्षां थोडें नुकसान सोसलेलें बरें. गोतसभेची आणि गांवच्या पंचांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा विचार परका वाटणार नाहीं. गोताचें भांडण गोतानें मिटवावें, दिवाणांत नेऊं नये, ही भावना महाराष्ट्रांत शतकानुशतकें नांदलेली आहे.

तथापि नुसती सोशिकता शिकवून भांडण मिटत नाहीं. त्याला पद्धति लागते. ती मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत सांपडते. तिच्या पायऱ्या तीन. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानें प्रथम अन्याय करणाऱ्याची एकांतांत गांठ घ्यावी आणि त्याचा दोष त्याच्या पदरांत घालावा. त्यानें न ऐकल्यास एकदोघांना साक्षी म्हणून बरोबर न्यावें. त्यांचेंहि न मानल्यास सर्व मंडळीपुढें गाऱ्हाणें ठेवावें; आणि मंडळीचेंहि न ऐकणाऱ्यास परका समजावें. या योजनेंतील एक बारकावा ध्यानांत घेण्याजोगा आहे. बोलण्याचा पहिला हक्क येथें वडीलधाऱ्यांना दिलेला नाहीं. तो दुखावलेल्या माणसाला दिलेला आहे. साक्षीदार त्याच्या मदतीस येतात, आणि मंडळी त्यानें हांक मारल्यावर गोळा होते.

पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभीं रचलेली 'दिदाखे' नांवाची एक लहानशी नियमपुस्तिका आहे. ती अनेक शतकें लुप्त होती. १८७३ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें तिची प्रत सांपडली आणि १८८३ सालीं ती छापली गेली. ज्यांचें एकमेकांशीं वैर आहे त्यांनीं समेट होईपर्यंत रविवारच्या प्रार्थनाभोजनास बसूं नये, असा तिचा दंडक आहे. दोष दाखवावयाचा तो रागानें नव्हे, शांतपणें दाखवावा, असेंहि ती बजावते.

तिसऱ्या शतकांत सीरिया देशीं रचलेल्या 'दिदास्कालिया' या ग्रंथानें तर या विचाराला रीतसर न्यायसभेचें रूप दिलें. मूळ ग्रीक ग्रंथ जवळजवळ नष्ट झाला, परंतु त्याचें सीरियाक भाषांतर संपूर्ण टिकलें. आणि सीरियाक हीच इराणांतील ख्रिस्ती मंडळीची धर्मभाषा होती. या ग्रंथाप्रमाणें न्यायसभा सोमवारीं भरवावी. कारण उघड आहे. निकालावरून कोणी रुसलें तर पुढच्या रविवारपर्यंत समजूत घालण्यास आठवडा हातीं राहतो. बिशपाबरोबर वडील आणि सेवक यांनीं बसावें. दोन्ही पक्षांना समोर उभें करावें. एकाचेंच ऐकून निकाल देऊं नये. फिर्याद करणाऱ्याची वागणूक पूर्वीं कशी होती, तो द्वेषानें बोलतो कीं काय, हेंहि तपासावें. सरकारी न्यायाधीश खुन्यालाहि घाईनें शिक्षा देत नाहींत, मग आपणच उतावीळ कां व्हावें, असा त्या ग्रंथकाराचा प्रश्न आहे. शिवाय ज्याला बाहेर काढलें त्याला विसरूं नये. चुकलेल्या मेंढराप्रमाणें त्याचा शोध करून त्याला परत आणावें, हेंहि बिशपाचेंच कर्तव्य ठरविलेलें आहे.

ही विचारसरणी इराणच्या मंडळीनें आपल्या कायद्यांत उतरविली. इ. स. ४१० मध्यें सासानी सम्राट पहिला यज्दगर्द याच्या संमतीनें सेल्युकिया-तेसिफोन येथें धर्मसभा भरली. एका नगरास एकच बिशप असावा आणि त्याची दीक्षा तीन बिशपांच्या हातून व्हावी, असें तिनें ठरविलें. एका नगरांत दोन न्यायासनें झालीं म्हणजे तंट्यांना अंत राहत नाहीं, हा अनुभव त्यामागें होता. पुढें अरब सत्ता आल्यावर इ. स. ६७६ मध्यें इराणी आखातांतील दैरीन बेटावर सभा भरली. ख्रिस्ती लोकांचे आपसांतील दावे मंडळींतच निवडावे, बाहेरच्या न्यायाधीशाकडे नेऊं नयेत, असा नियम तिनें केला. हिंदुस्थानास येणाऱ्या गलबतांच्या वाटेवरचेंच तें बेट.

नियम केला म्हणून लोक बाहेर जाण्याचे थांबले मात्र नाहींत. मुख्य धर्माध्यक्ष पहिला तिमथी यानें इ. स. ८०५ च्या सुमारास कायद्याचा एक संग्रह रचला. त्याच्या प्रस्तावनेंत त्यानें आपला हेतु सांगितला आहे : आपल्यापाशीं पुरेसे कायदे नाहींत, या सबबीखालीं लोक परक्या न्यायासनाकडे धांव घेतात, ती सबब उरूं नये. तिमथीचा हा कबुलीजबाब फार प्रामाणिक आहे. माणूस घर सोडून दुसऱ्याच्या दारीं जातो तो केवळ हट्टानें नव्हे. घरांत न्याय मिळण्याची सोय नसली तरी तो जातो, हें त्यानें ओळखलें होतें.

हिंदुस्थानच्या मंडळीपुरती ही सोय किती नाजुक होती, हें त्यापूर्वींच्या एका तंट्यावरून दिसतें. इ. स. ६४९ ते ६५९ या काळांत तिसरा ईशोयाब हा मुख्य धर्माध्यक्ष होता. फार्स प्रांतांतील रेव-अर्दशीर येथील महाबिशप शिमोन आणि त्याचे सहकारी ईशोयाबचा अधिकार जुमानीत नव्हते. ईशोयाबनें शिमोनास लिहिलेलीं पत्रें उपलब्ध आहेत. तुमच्या आडमुठेपणामुळें हिंदुस्थानांतील लोकांना बिशप मिळेनासे झाले आहेत, अशी त्यांत कडक तक्रार आहे. भांडण दोन मोठ्या अधिकाऱ्यांचें, तें चालले इराणांत, आणि दार बंद झालें तें समुद्रापलीकडच्या गरीब मंडळींचें. दुसऱ्यांचीं भांडणें मिटविण्याचा ज्यांना अधिकार, त्यांचेंच भांडण मिटेना.

यानंतर साडेसहाशें वर्षांनीं ठाण्याच्या त्या घराची कथा येते.

इ. स. १३२१ मध्यें चार फ्रान्सिस्कन साधु समुद्रमार्गें ठाण्यास उतरले. तोलेंतीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लीसचा देमेत्रियस हीं त्यांचीं नांवें. त्यांचा सोबती दोमिनिकन साधु जॉर्डन हा पुढें भडोचकडे निघून गेला. थोड्याच काळानें ओदोरिक नांवाचा दुसरा एक फ्रान्सिस्कन ठाण्यास आला आणि या चौघांचें काय झालें तें त्यानें लिहून ठेविलें. ठाण्यांत नेस्तोरी ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें होतीं, असें तो सांगतो. कॉस्मसनें उल्लेखिलेल्या इराणी परंपरेचेच हे लोक. त्यांतील एका घरानें या पाहुण्यांना आसरा दिला. पाहुण्यांच्या पंथाच्या दृष्टीनें हे यजमान पाखंडी होते, तरीहि ताट आणि छप्पर त्यांनींच दिलें.

त्या घरांत एके दिवशीं नवराबायकोचें भांडण झालें आणि नवऱ्यानें बायकोस मारलें. ती स्त्री उठली आणि शहरच्या काजीकडे गेली. काजीनें पुरावा विचारला. तेव्हां, घरांत चार फिरंगी धर्मगुरु होते, त्यांच्यासमक्ष हें घडलें, असें तिनें सांगितलें. तेथें अलेक्झांड्रियाचा एक माणूस हजर होता. हे लोक मोठे विद्वान आहेत, त्यांना बोलावून धर्मचर्चा करावी, असें त्यानें सुचविलें. साधूंना बोलावणें गेलें. साक्ष बाजूस राहिली आणि वाद पेटला तो दोन धर्मांच्या श्रेष्ठकनिष्ठतेचा. त्याचा शेवट रक्तपातांत झाला. ९ एप्रिल रोजीं तिघांचा आणि ११ एप्रिल रोजीं मागें राहिलेल्या पीटरचा वध झाला. जॉर्डननें परत येऊन त्यांची उत्तरक्रिया केली, आणि ओदोरिकनें पुढें त्यांच्या अस्थि चीनपर्यंत नेल्या. युरोपांत हे चौघे 'ठाण्याचे हुतात्मे' म्हणून प्रसिद्ध झाले.

त्या स्त्रीचें काय झालें? तिच्या फिर्यादीचा निकाल कोणता लागला? ओदोरिक एक शब्दहि सांगत नाहीं. तिचें नांवसुद्धां त्यानें लिहिलेलें नाहीं. चार मृत्यूंच्या कथेला निमित्त म्हणून ती येते आणि निमित्त संपतांच दिसेनाशी होते.

पौलाचें पत्र आणि दैरीनचा नियम यांच्या काट्यावर तोलूं गेल्यास दोष तिच्याकडे जातो : घरचें भांडण तिनें बाहेर नेलें. परंतु मत्तयाच्या तीन पायऱ्या पुढें ठेवून हीच कथा वाचली कीं चित्र पालटतें. पहिली पायरी, अन्याय करणाऱ्याशीं एकांतांत बोलण्याची. ज्याचा हात आतांच उठला त्याच्याशीं एकांत साधणें हें मार खाल्लेल्या बाईला कसें जमावें? दुसरी पायरी एकदोन साक्षीदारांची; आणि येथें तर घरांतच चार साक्षीदार होते, तेहि धर्माचे अभ्यासक. त्यांनीं त्या नवऱ्यास दोन शब्द सुनावले किंवा नाहीं, हें कथेंत येत नाहीं. तिसरी पायरी मंडळीची. पंधरा घरांपैकीं कोणी जमा झालें, कोणी वडिलांनीं दोघांना समोर उभें केलें, असाहि उल्लेख नाहीं. जे साक्षीदार घरांत उपयोगी पडावयाचे, ते काजीच्या सभेंत साक्षीदार ठरले, आणि तेथें गेल्यावर प्रश्नच दुसरा झाला.

आपसांतील तंटा आपसांत मिटवावा, हा उपदेश थोर आहे. त्यांत द्वेष कमी होतो, पैसा वांचतो आणि माणसें पुन्हां एका पंक्तीला बसूं शकतात. परंतु त्याला एक अट आहे, आणि ती जुन्या नियमकारांनीं जाणली होती. सोमवारची सभा, दोन्ही पक्षांचें ऐकणें, बाहेर काढलेल्यास परत आणणें, ही सर्व खटपट याचकरितां होती. आंतलें दार उघडें असेल तरच बाहेरच्या दाराला मनाई करण्याचा अधिकार पोंचतो. दार बंद ठेवून बाहेर जाऊं नको म्हणणें याला शिस्त म्हणतां येत नाहीं. त्याला कोंडमारा म्हणतात.

हा प्रश्न त्या पंधरा घरांबरोबर संपला नाहीं, आणि तो एका धर्माचाहि नाहीं. महाराष्ट्रांतील जातपंचायतींनीं घरचा न्याय म्हणून आरंभलेल्या व्यवहाराचें रूपांतर अनेक ठिकाणीं वाळीत टाकण्याच्या जुलमांत झालें, आणि अखेर २०१६ सालीं विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर करावा लागला. जेथें चार माणसें एकत्र राहतात, मग तें मंदिराचें विश्वस्तमंडळ असो, चर्चची समिति असो कीं एकत्र कुटुंब असो, तेथें आपलें आपण पाहूं, हें वाक्य केव्हांना केव्हां उच्चारलें जातेंच. तें उच्चारणाऱ्यानें आधीं ठाण्याच्या त्या अनामिक स्त्रीकडे पाहावें. काजीच्या दाराशीं ती उभी होती, एवढें इतिहासास ठाऊक आहे. तेथें जाण्यापूर्वीं घरांत आणि मंडळींत तिचें गाऱ्हाणें कोणी ऐकून घेतलें असतें, तर एप्रिलचे ते दोन दिवस कदाचित् इतिहासांत नोंदलेच गेले नसते.