चवीचा कौल

अमुक वस्तू चवीला चांगली की वाईट, हे सांगण्याचा अधिकार कोणाचा? हापूस श्रेष्ठ की पायरी, आणि गोव्याचा मानकुराद या दोहोंच्या वर की खाली, हा वाद कोकणात आणि गोव्यात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्यात कोणी सरकारी निरीक्षक पडत नाही, की कोणी कारखानदार निर्णय देत नाही. ज्याने आंबा खाल्ला त्याचे मत, एवढाच तेथे नियम. पाश्चात्त्य देशांत बिअर आणि वाइन या दोन पेयांच्या बाबतीत मात्र हा साधा अधिकार पिणाऱ्यापाशी राहिला नव्हता. बिअरची चव मोठे कारखानदार ठरवीत आणि वाइनची प्रतिष्ठा जुनी घराणी ठरवीत. १९७१ ते १९७८ या अवघ्या सात वर्षांत या स्थितीला मोठा धक्का बसला. मद्यपान इष्ट की अनिष्ट हा येथे विषय नाही. तो वाद फार जुना आहे आणि त्याला स्वतंत्र जागा हवी. येथे पाहावयाचे आहे ते एवढेच की, सामान्य माणसाने आपले मत उघडपणे सांगावयास सुरुवात केली तेव्हा काय झाले.

आरंभ झाला तो आयर्लंडच्या पश्चिम टोकावरील केरी परगण्यात. मार्च १९७१ मध्ये मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीस, बिल मेलर आणि जिम मेकिन हे चार तरुण इंग्रज तेथे सुटी घालविण्यास गेले होते. डनक्विन या खेड्यातील क्रुगर्स नावाच्या पबमध्ये बसले असता, मायदेशी मिळणारी बिअर दिवसेंदिवस कशी बेचव होत चालली आहे, यावर त्यांचे बोलणे निघाले. असे बोलणे जगातील प्रत्येक पबमध्ये रोज निघते आणि ग्लासाबरोबर संपते. या चौघांनी तेथेच एक संघटना स्थापन केली, हा फरक. 'एल' या जुन्या धर्तीच्या इंग्रजी बिअरचे पुनरुज्जीवन करणे हा तिचा हेतू. 'कॅमरा' या आद्याक्षरी नावाने ती पुढे प्रसिद्धीस आली.

त्यांची तक्रार काय होती, हे समजण्यासाठी थोडा तपशील पाहिला पाहिजे. जवाला मोड आणून, ते वाळवून व भाजून, त्याच्या अर्कात हॉप नावाच्या वेलीची फुले उकळतात आणि मग त्यात किण्व, म्हणजे यीस्ट, सोडून तो आंबवितात. जुन्या इंग्रजी पद्धतीत ही बिअर पिंपात भरली, तरी त्यातील किण्व जिवंत असे. पबच्या तळघरात ती आणखी काही दिवस मंदपणे आंबत राही आणि तिला तिचा खरा स्वाद तेथे येई. हातपंपाने ती वर ओढावयाची. यात पबवाल्याचे कौशल्य लागे. पिंप उघडल्यावर थोड्या दिवसांत ते संपवावे लागे. निष्काळजीपणा झाला तर सारे पिंप आंबट होई. कारखानदारांच्या दृष्टीने ही सर्व डोकेदुखीच होती. म्हणून त्यांनी बिअर गाळून, तापवून, म्हणजे त्यातील किण्व मारून, धातूच्या बंद पिंपात भरली आणि कार्बन वायूच्या दाबाने ग्लासात सोडली. ती नासत नसे. लंडनपासून स्कॉटलंडपर्यंत तिची चव एकच असे, आणि तक्रार करणाऱ्यांच्या मते ती न घेण्याजोगी असे. वॉटनी कंपनीची 'रेड बॅरल' ही या जातीची सर्वांत गाजलेली बिअर.

येथे कोणी विचारील, की आवडत नसेल तर दुसरी घ्यावी. ते सोपे नव्हते. इंग्लंडातील बहुसंख्य पब कारखानदारांच्याच मालकीचे होते आणि मालकाची बिअर विकणे त्यांना बंधनकारक होते. १९६० च्या दशकात छोटे कारखाने एकामागून एक गिळंकृत झाले आणि अखेरीस देशातील बिअरचा फार मोठा भाग सहा कंपन्यांच्या हाती आला. एखाद्या गावातले सारेच पब एकाच कंपनीचे असले, म्हणजे गावकऱ्याच्या आवडीला अर्थ उरत नसे. जाहिरातींचा गलबला चालू असताना त्याला खरोखर काय आवडते, हे विचारणारे कोणीच नव्हते.

'कॅमरा'जवळ पैसा नव्हता आणि कायद्याचे बळही नव्हते. तिने शस्त्र निवडले ते मताचे. सभासदांनी आपापल्या भागातील पब हिंडून, कोठे जिवंत बिअर मिळते याच्या याद्या केल्या. त्यांतून १९७४ ची 'गुड बिअर गाइड' ही पुस्तिका तयार झाली. तिच्यात प्रत्येक कंपनीच्या बिअरवर थोडक्यात अभिप्राय होता. वॉटनीविषयी लिहिले होते की, ती प्लेगसारखी टाळावी. छापखान्याची छाती दडपली. वाक्य बदलून, काही झाले तरी टाळावी, असे करण्यात आले. या बदलाने बोच कितपत कमी झाली हे वाचकांनीच ठरवावे. पण त्या गडबडीची बातमी झाली आणि पुस्तिकेला आयतीच प्रसिद्धी मिळाली. स्टॅफर्डशरमधील स्टोन या गावचा जूल्स हा जुना कारखाना बंद होणार असे कळले, तेव्हा १९७३ मध्ये शेकडो लोकांनी निषेधाचा मोर्चा काढला. कारखाना वाचला नाही. परंतु बिअरच्या चवीसाठी मोर्चा निघू शकतो, ही गोष्ट कंपन्यांच्या संचालकांना नवी होती. पुढील काही वर्षांत बड्या कंपन्यांनीही हातपंप पुन्हा बसविले.

वाइनच्या क्षेत्रात जी सत्ता होती ती याहून सूक्ष्म होती. फ्रान्समधील बोर्दो प्रांताच्या वाइनची वर्गवारी १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तेथील दलालांनी केली, आणि तीही मुख्यतः बाजारभावावरून. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांत तिच्यात महत्त्वाचा म्हणावा असा एकच फेरबदल झाला: १९७३ साली मूतों-रोथशिल्ड हा मळा दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत आला. पणजोबांच्या काळी जे महाग होते ते चांगले, आणि जे चांगले ते महाग, असे हे चक्र होते. बाटलीवरील नाव वाचले की मत तयार होई. घोट मागाहून घेतला जाई.

पॅरिसमध्ये वाइनचे दुकान आणि वाइनविषयक शाळा चालविणारा स्टीव्हन स्परियर हा इंग्रज गृहस्थ आणि त्याची अमेरिकन सहकारी पॅट्रिशिया गॅलघर यांनी २४ मे १९७६ रोजी एक चव-परीक्षा योजिली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्या वर्षी दोनशे वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने कॅलिफोर्नियाची वाइन फ्रेंच तज्ज्ञांपुढे ठेवावी, एवढाच मूळ विचार. बाटल्या एका अमेरिकन प्रवासी मंडळीच्या सामानातून आल्या. परीक्षक नऊ, सर्व फ्रेंच, आणि सर्व आपापल्या क्षेत्रातले मातब्बर. त्यांत बर्गंडीतील सर्वांत प्रतिष्ठित मळ्याचे ऑबेर द व्हिलेन होते, वाइनविषयक प्रमुख फ्रेंच नियतकालिकाच्या संपादिका ओडेट कान होत्या आणि पॅरिसच्या नामांकित उपाहारगृहांचे प्रमुख होते. बाटल्यांवरील नावे झाकलेली. वृत्तपत्रांना निमंत्रणे गेली होती. परंतु निकाल ठरलेलाच आहे असे समजून कोणी आले नाही. आला तो 'टाइम' साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर, एकटा.

पुढचा प्रसंग मोठा रंजक आहे. टेबरच्या हाती क्रमाची यादी होती, परीक्षकांच्या हाती नव्हती. एका परीक्षकाने कॅलिफोर्नियाच्या पांढऱ्या वाइनचा घोट घेतला आणि आता आपण फ्रान्सला परत आलो, असे समाधानाने उद्गार काढले. टेबरने यादी पाहिली आणि आपण कोणत्या बातमीवर येऊन बसलो आहोत हे त्याच्या ध्यानी आले. पांढऱ्या वाइनमध्ये पहिली आली ती कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यातील शातो माँतेलेनाची १९७३ ची शार्दोने. ती तयार करणारा माइक गर्गिच हा युगोस्लाव्हियातून आलेला क्रोएशियन. हा निकाल लाल वाइनच्या आधीच जाहीर झाला आणि परीक्षक सावध झाले. अमेरिकन बाटली ओळखून तिला कमी गुण द्यावेत, असा काहींचा प्रयत्न असावा असे गुणपत्रिकांवरून वाटते. तरीही पहिली आली स्टॅग्ज लीपची १९७३ ची काबर्ने सोव्हिन्यों. नऊ परीक्षकांच्या एकूण १८० गुणांपैकी तिला १२७.५ मिळाले, दुसऱ्या क्रमांकाच्या मूतों-रोथशिल्डला १२६. तिचा निर्माता वॉरन विनियार्स्की हा पूर्वी शिकागो विद्यापीठात अध्यापन करीत असे. कानबाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. स्परियरने ती दिली नाही.

नऊ माणसांच्या एका दुपारच्या गुणांवरून दोन देशांची तुलना करणे शास्त्रीय नव्हे, हे खरेच. दीड गुणाचा फरक म्हणजे जवळजवळ बरोबरीच. परंतु त्या वेळी अमेरिकेत या बाटल्या सहा डॉलरच्या आसपास विकल्या जात होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे धक्का का बसला ते कळते. फ्रेंचांनी असा युक्तिवाद केला की, आपली वाइन वयाबरोबर चढत जाते, अमेरिकन टिकणार नाही. तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, त्याच लाल वाइन लंडनला आणि नापाला एकाच वेळी पुन्हा चाखण्यात आल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला मिळाले.

नापाला लागूनच सोनोमा परगणा आहे. पॅरिसचा निकाल लागला त्याच १९७६ साली तेथे जॅक मकॉलिफ या गृहस्थाने दुग्धशाळेची जुनी भांडी जोडून 'न्यू आल्बियन' नावाचा बिअरचा छोटा कारखाना काढला. अमेरिकन आरमारात असताना तो स्कॉटलंडला होता आणि तेथील एलची चव त्याच्या जिभेवर राहिली होती. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळाने छोटे कारखाने मारले, आणि उरले त्यांना पुढील चाळीस वर्षांच्या स्पर्धेने. सत्तरीच्या अखेरीस त्या अवाढव्य देशात शंभर कारखानेही राहिले नव्हते. मकॉलिफचा उद्योग १९८२ मध्ये बुडाला. तथापि १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी घरच्या घरी बिअर करण्यास मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली होती आणि गॅरेजात, स्वयंपाकघरात हजारो हात कामाला लागले होते. त्यांतूनच पुढचे कारखानदार निघाले. आज अमेरिकेत बिअरचे नऊ हजारांहून अधिक कारखाने आहेत.

या नव्या कारखान्यांची सर्वांत लोकप्रिय बिअर कोणती, तर इंडिया पेल एल. या नावातील इंडिया उगाच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनच्या कारखान्यातील बिअर कंपनी सरकारच्या जहाजांवरून मुंबई, मद्रास, कलकत्त्यास येत असे. आफ्रिकेला वळसा घालणारा तो कित्येक महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडावयाचे. भरपूर हॉप घातलेली बिअर तेवढी टिके आणि वाटेत मुरेही. पुढे १८२० नंतर बर्टन गावच्या कारखान्यांनी हा व्यापार काबीज केला. विसाव्या शतकात इंग्लंडात या बिअरचे नाव उरले, सत्त्व गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्याने १९७५ मध्ये अमेरिकन हॉप सढळ हाताने घालून 'लिबर्टी एल' काढली, तेव्हापासून या जातीचा दुसरा जन्म मानतात. त्या लाटेचे शिंतोडे महाराष्ट्रातही उडाले. पुण्यात २००९ साली 'डूलाली' हा छोटा कारखाना निघाला. हा शब्द मूळ नाशिकजवळच्या देवळालीचा. तेथील छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून वेडावलेल्या गोऱ्या सोल्जरांनी तो इंग्रजीत नेला. नाशिकलाच २००० साली 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली, तेव्हा तिच्या निर्मितीत सोनोमाच्या एका जाणकाराचे साहाय्य होते.

मत सांगणाऱ्यांचे राज्य आले, तरी सारे आलबेल झाले असे मात्र नाही. १९७८ साली मेरीलँडचा रॉबर्ट पार्कर हा वकील वाइनला शंभरांपैकी गुण देणारे पत्रक काढू लागला. तो जाहिराती घेत नसे, ग्राहकाचा पक्ष घेई. म्हणून लोकांचा विश्वास बसला. इतका बसला की, पार्करचे गुण पाहून भाव ठरू लागले, आणि त्याला आवडेल अशी दाट, गडद वाइन करण्याकडे अनेक मळेवाल्यांचा कल झाला. जुने सिंहासन हलविले ते नवे मांडण्यासाठीच की काय, अशी शंका यावी. स्वस्त वस्तूची स्तुती पसरली की ती स्वस्त राहत नाही, हाही अनुभव आला. सहा डॉलरची बाटली करणारे स्टॅग्ज लीप २००७ मध्ये सुमारे साडेअठरा कोटी डॉलरला विकले गेले. बिअरच्या छोट्या कारखान्यांपैकी कित्येक ज्या बड्या कंपन्यांना कंटाळून निघाले होते त्यांच्याच पोटात गेले. अँकर २०१७ साली सप्पोरो या जपानी कंपनीने घेतला आणि २०२३ च्या जुलैत बंद केला.

'कॅमरा'ची पुस्तिका मात्र दरवर्षी निघते. पबची निवड अजूनही त्या त्या गावचे सभासद करतात, आणि त्यासाठी त्यांना वेतन मिळत नाही.