अरुंद वळणाची मुद्राक्षरे आणि 'ळ'कार

लिपीचा इतिहास हा काही अंशी जागेच्या काटकसरीचाही इतिहास होय. धुळ्यास १९२७ साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने जतन केलेल्या हस्तलिखितांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जुने पोथीलेखक शब्दाला शब्द जोडून लिहीत. शब्दांमधील अंतर ते गाळीत, परंतु अक्षराचा घाट आवळीत नसत. अक्षराची रुंदी बोरूच्या कापावर अवलंबून असे. पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागराने नावारूपास आणलेल्या खिळ्यांनीही हेच जाडबारीक रेषांचे कलमी वळण पत्करले.

युरोपात विसाव्या शतकात निराळी दृष्टी बळावली. पाउल रेनर यांच्या फ्यूतुराने (१९२७) वर्तुळ व सरळ रेषा यांना प्राधान्य दिले. जर्मनीच्या डिन १४५१ (१९३६) या मानकाने फलकांसाठी अशाच अक्षरांचे अरुंद रूपही सिद्ध केले. देवनागरीत या विचाराचे ठळक उदाहरण म्हणजे सत्य राजपुरोहित यांच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा 'खंड' (२०१४). त्याची रेषा सर्वत्र जवळजवळ सारख्या जाडीची असून गोलाईच्या बाजू सपाट केलेल्या आहेत. अक्षराच्या पोटातील पोकळी मात्र मोकळी राखली आहे. मथळा हेच त्याचे प्रमुख क्षेत्र होय.

रोमन अक्षर सुटे उभे राहते, तर देवनागरी अक्षर शिरोरेखेला लटकते. त्यास वर मात्रा, खाली उकार व बाजूस काना लागतो. रुंदी घटली की दंडांची दाटी होते आणि अक्षर अक्षरापासून वेगळे दिसेनासे होते. 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव' हे नाव एका ओळीत बसवावयाचे झाल्यास अरुंद अक्षराची गरज पटते, आणि 'ष्ट्र' या जोडाक्षरापाशी त्याची मर्यादाही कळते.

खरी कसोटी 'ळ'ची आहे. जळगाव व धुळे या दोन्ही नावांत तो आहे. त्याची दोन वेटोळी शेजारी शेजारी असल्यामुळे आडवी जागा त्यास हवीच. ती आवळली की दोन्ही पोकळ्या बुजतात. अहिराणीत व लेवा गणबोलीत अनेक ठिकाणी 'ळ'च्या जागी 'य' येतो. 'डोळा'चा 'डोया' होतो. जो वर्ण बोलीने उच्चारात सोडला, तोच प्रमाणलेखनाने फलकावर राखला आहे. तो तेथेही अस्पष्ट झाला, तर या प्रदेशाच्या लेखनातील त्याची खूणच पुसट होईल.

पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' यांचीही स्थिती अशीच आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ही मराठी रूपे मान्य केली. पाकळीयुक्त 'ल' रुंदी मागतो, म्हणून केवळ जागेच्या सोयीसाठी त्याऐवजी हिंदी वळण घेणे हा उपाय नव्हे. अशा अक्षरांना इतरांहून किंचित अधिक रुंदी देणे हाच योग्य मार्ग होय. पोथीलेखकाने अंतर गाळले, पण अक्षर राखले. आजच्या मुद्राक्षरकाराची काटकसरही तेथवरच ग्राह्य मानावी लागेल.